पाठ करायचा नंबर

शाळेने मला ठेवलंय फ्रेंच शिकवायला.
पण गुरुवारचा शेवटचा तास
किशिनाऊहून आलेल्या हिरव्या पुस्तकाचा,
मुखपृष्ठावर दोन हात आणि तुटकी साखळी.
मुलं त्या चित्राला हसतात.
बाई, साखळ्या आता कोण वापरतं, ओक्ताव्यान म्हणाला.
खरंय.
मी त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान चढवलं,
आता तिथे द्राक्षं आहेत, सप्टेंबर आहे.

बाहेर जानेवारी. विहिरीच्या छपरावर बर्फ,
भिंतीतल्या शेगडीत अक्रोडाचं ओलं लाकूड
धगीपेक्षा धूरच जास्त देतंय.
आज पुस्तक उघडलंच नाही.
म्हटलं, फोन माझ्या टेबलावर आणून ठेवा.
सतरा फोन, सगळे पालथे.
आता कागद घ्या.
समजा, गाव परकं आहे, भाषा अर्धी कळतेय,
कुणीतरी दुकानदार म्हणतोय, कर, पण एकच कर.
लिहा नंबर.

टोपणं निघाली पेनांची.
मग बराच वेळ नुसता धूर.
मिरुनाने एक शून्य काढलं
आणि त्याला नाक-डोळे काढत बसली.
ग्रिगोरेची आई बोलोन्यात
दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या आईला आंघोळ घालते,
रोज रात्री आठला काचेत येते, जेवलास का विचारते.
तो म्हणाला, मी तिचं नाव दाबतो, बाई.
आकडे कशाला?

या पोरांना तेराचा पाढा येतो,
डॅन्यूबच्या उपनद्या येतात,
कुठल्याशा परदेशी संघाचे अकराच्या अकरा खेळाडू
राखीव गड्यांसकट येतात.

शेवटच्या बाकावर सांदाने मान वर न करता
नऊ आकडे लिहिले.
एका दमात, जसं आपण आपलं नाव लिहितो.
मी जवळ जाऊन विचारलं, कुणाचा गं?
घरचा. भिंतीवरचा जुना फोन.
त्यावर आता कुणीच करत नाही.
आई बिल भरते दर महिन्याला.
आउरीकाला तेवढाच पाठ होता.

आउरीका.
ह्याच वर्गात, खिडकीशी बसायची.
लिऑनजवळच्या एका हॉटेलात चादरी बदलायचं काम,
राहणं फुकट, पासपोर्ट ते सांभाळणार.
काम आणलं होतं तिच्या धर्ममातेने,
बाप्तिस्म्याला जिच्या हातांवर ती रडली होती
त्या बाईने, नवे बूटही घेऊन दिले होते.
अर्ज फ्रेंचमध्ये हवा होता.
तो मी तपासला.
दोन क्रियापदं सुधारली,
एका शब्दावरची मात्रा राहिली होती ती दिली,
आणि समासात लिहिलं, शाब्बास.

अनोळखी माणसापासून सावध राहा,
हिरव्या पुस्तकाचं पान नववं.
हे वाक्य मी सात वर्षं वाचतेय,
आणि दर वर्षी तिथे माझा आवाज बसतो.
मुलांना वाटतं, धुराने.

आज सांगितलं.
बुटांचं सांगितलं, पासपोर्टचं सांगितलं,
सांदाकडे बघून विचारलं, सांगू का,
तिने मान हलवल्यावर शाब्बासचंही सांगितलं.
कुणी हसलं नाही.
ओक्ताव्यान पेन्सिलीचं टोक चावत राहिला,
मग त्याने हात वर केला:
बाई, तुम्हाला कुणाचा पाठ आहे?

मी तोंड उघडलं.
माझ्या मुलाचा, पदुआतला.
तीन सात... तीन सात...
पुढे मीही त्याचं नाव दाबते.

फोन परत दिले. सतरा मुलं
आपापल्या काचेतून आकडे उतरवून घेऊ लागली,
मीही घेतले, हातमोजा काढून, तळहातावर.
मग सुरू झालं,
क्रियापदं घोकावीत तसं, सगळे एकदम,
सतरा वेगवेगळे नंबर एकाच चालीत,
शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई बघायला आल्या.

मिरुनाचा शेवटचा आकडा चुकतोय.
पुन्हा म्हण.
पुन्हा चुकला.
घंटा झाली, बस उभी आहे,
पुन्हा म्हण.